साध्या गाडीतील पोलीस आणि वाहनचालकाचे कर्तव्य

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस पुण्यातील अनेक गृहसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. रात्रीच्या वेळी पोलिसांचे कोणतेही चिन्ह नसलेल्या साध्या मोटारीतून कोणी थांबण्याची खूण केली तर मुळीच थांबू नका, कायद्याने तुम्ही बांधील नाही, वेग वाढवा आणि निघून जा, असा त्याचा आशय आहे. मी मोटार चालवायला शिकवण्याचा व्यवसाय करते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या मुली व स्त्रिया अधिक असतात. त्यांच्यापैकी अनेकींनी हा संदेश मला दाखवून यात खरे किती, असे विचारले. या संदेशाचा आरंभ अर्धाच खरा आहे आणि त्याचा शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे त्यांना दिलेले उत्तर थोडे विस्ताराने आपल्या वाचकांपुढे ठेवण्याची परवानगी मागते.

मोटार वाहन कायदा, १९८८ या मूळ कायद्यापासूनच सुरुवात करावी लागेल. त्यातील कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास आपला वाहन परवाना तपासणीसाठी दाखवलाच पाहिजे. मद्यपानाची श्वासचाचणी घेण्याचा अधिकार देणारे कलम २०३ आणि बेदरकारपणे किंवा नशेत वाहन चालवणाऱ्याला जागेवरच अटक करण्याचा अधिकार देणारे कलम २०२ ही दोन्ही कलमेही पोलिसांच्या बाबतीत गणवेशाचीच अट घालतात. एखाद्या वाहनामुळे अपघात झाला असेल तर चालकाला थांबवून ठेवण्याविषयीचे कलम १३२ आणखी पुढे जाते. तेथे अधिकारी गणवेशात असावा लागतो, शिवाय त्याचा हुद्दा उपनिरीक्षकापेक्षा कमी असून चालत नाही. वाहतुकीचे नियमन करत असलेल्या पोलिसाच्या सूचना पाळण्याचे बंधन कलम ११९ मध्ये आहे, आणि कायदेशीरपणे दिलेली सूचना जाणूनबुजून मोडल्यास कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही सर्व कलमे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती म्हणजे पोलीस कोणत्या गाडीतून आले, त्या गाडीवर पट्टे होते की नव्हते, तिच्यावर दिवा होता की नव्हता, याला या कायद्याने कोठेही महत्त्व दिलेले नाही. कायद्याचे लक्ष समोर उभ्या असलेल्या माणसावर आणि त्याच्या अंगावरील गणवेशावर आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेला वाहतूक पोलीस स्वतःच्या दुचाकीवरून उतरून उभा असला, किंवा पोलीस ठाण्यातील कर्मचारी भाड्याच्या जीपमधून गस्त घालत असले, तरी ते गणवेशात आहेत तोवर त्यांच्या इशाऱ्यावर थांबणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. 'गाडी सरकारी नव्हती' ही सबब तेथे टिकणार नाही. उलट, काचेआड लाल-निळा दिवा लुकलुकत असलेल्या मोटारीतून जीन्स आणि टी-शर्ट घातलेली माणसे उतरली, तर केवळ त्या दिव्याच्या बळावर परवाना मागण्याचा अधिकार त्यांना मोटार वाहन कायदा देत नाही. हा झाला संदेशातील खरा अर्धा भाग.

मात्र पोलिसांचे अधिकार एकट्या मोटार वाहन कायद्यातून येत नाहीत, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने सोडून दिली आहे. गुन्हे शाखा, अमली पदार्थविरोधी पथक किंवा खंडणीविरोधी पथक यांचे काम साध्या वेशात आणि साध्या गाडीतूनच चालते, आणि ते तसेच चालले पाहिजे. पट्टे रंगवलेल्या जीपमधून कोणी सराईत चोराच्या मागावर जात नाही. दखलपात्र गुन्ह्याच्या संशयावरून विनावॉरंट अटक करण्याचा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मधील अधिकार अंगावर वर्दी नाही म्हणून नाहीसा होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६८ नुसार पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्या कलमातही गणवेशाची अट नाही. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे, आणि त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर केला तर कलम १३२ लागते, ज्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे समोरची माणसे खरोखरच पोलीस आहेत हे कळल्यावर, त्यांच्या अंगावर गणवेश नाही एवढ्याच कारणाने मोटार दामटून निघून जाणारा चालक स्वतःला गंभीर अडचणीत टाकतो.

मग रात्री साडेदहाला एकटी मोटार चालवणाऱ्या बाईने करायचे काय? याचे उत्तर शोधताना मला सर्वांत उपयोगी वाटलेली तरतूद स्वसंरक्षणाच्या प्रकरणातली आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ९९ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३७ म्हणून आले आहे. लोकसेवकाच्या कृतीविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मर्यादित आहे, असे ते कलम सांगते. पण त्याच कलमाचे पहिले स्पष्टीकरण असे की, कृती करणारी व्यक्ती लोकसेवक आहे हे माहीत नसेल, आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर हा हक्क हिरावला जात नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, १८६० साली, मोटारींचा मागमूसही नव्हता तेव्हा लिहिलेल्या या वाक्यात आजच्या प्रश्नाचा गाभा आहे. समोरचा माणूस पोलीस आहे हे नागरिकाला कळले पाहिजे किंवा तसे मानायला त्याला सबळ कारण मिळाले पाहिजे, आणि ते कारण पुरवण्याची जबाबदारी स्वाभाविकपणे पोलिसांवर येते. अंधारात दोन सेकंद हलवलेले कार्ड हे असे कारण होऊ शकत नाही.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत अटक करणाऱ्या पोलिसांनी आपले नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी लावली पाहिजे, हे पहिलेच तत्त्व होते. ते पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. महिलांच्या बाबतीत कलम ४३ आणखी एक संरक्षण देते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, स्त्रीला अटक करता येत नाही. आणि तशी परिस्थिती असली तरी महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. 'गाडीत बसा, ठाण्यात चला' असे रात्री एखाद्या तरुणीला सांगणाऱ्या साध्या वेशातील पुरुषाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याआधी तिने हे आठवावे, असे मी माझ्या विद्यार्थिनींना आग्रहाने सांगते.

भीती निराधार नाही. पुण्यातील वृत्तपत्रे नियमित वाचणाऱ्याला 'तोतया पोलीस' हा मथळा नवा नाही. 'पुढे खून झाला आहे, तपासणी सुरू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा' असे सांगून सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांना लुबाडण्याचा प्रकार या शहरात वर्षानुवर्षे चालत आला आहे. टेकडीवर किंवा घाटात थांबलेल्या जोडप्यांना पोलीस असल्याचे भासवून धमकावणे आणि पैसे उकळणे, हा त्याचाच दुसरा प्रकार. लोकसेवक असल्याची बतावणी करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २०४ ने किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा सांगितली आहे, आणि नुसता तसा वेश करण्याला किंवा चिन्ह वापरण्याला कलम २०५ आहे. शिक्षा आहे हे चांगलेच, पण ती घटना घडून गेल्यानंतरची गोष्ट झाली. रस्त्याच्या कडेला मोटार उभी असताना चालकाला त्या क्षणी खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखण्याचे साधन हवे असते.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा अनुभव येथे सांगते, कारण त्यात या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र आल्या आहेत. ती रात्री उशिरा कामावरून परतत असताना महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर एक पांढरी मोटार तिच्या मागे आली, दोनदा प्रखर दिवे मारले आणि शेजारी येऊन आतल्या माणसाने हाताने थांबण्याची खूण केली. गाडीवर काही लिहिलेले नव्हते आणि आतले सारे साध्या वेशात होते. तिने वेग कमी केला, धोक्याचे चारही दिवे चालू केले, हात बाहेर काढून पुढे थांबत असल्याची खूण केली आणि पुढच्या पेट्रोल पंपाच्या उजेडात, कॅमेऱ्याखाली मोटार उभी केली. दारे बंद ठेवून काच बोटभर खाली घेतली आणि ११२ ला फोन लावला. आलेल्या गृहस्थांनी ओळखपत्र दाखवले, पण काचेतून तिला ते नीट वाचता येईना. फोनवरील कर्मचारी सौजन्याने बोलत होत्या, मात्र त्या रस्त्यावर असे कोणते पथक काम करत आहे का, हे त्यांना सांगता येत नव्हते. अखेर जवळच्या ठाण्याचे दोन गणवेशातील कर्मचारी मोटारसायकलवरून आले आणि उलगडा झाला. ते खरोखरच पोलिसांचे पथक होते आणि त्याच रंगाची, त्याच बनावटीची एक संशयित मोटार शोधत होते.

पथकातील ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी तिला बरेच सुनावले. खूण केल्यावर जागेवर का थांबला नाहीत, आमचा वेळ गेला, तेवढ्यात खरी गाडी निसटली असती, पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल गुन्हा नोंदवता येतो, असे ते म्हणाले. त्यांचा वैताग मी समजू शकते. त्यांच्या कामात मिनिटामिनिटाला किंमत असते. पण त्या मुलीने काहीही चूक केली नाही, असे मी ठामपणे म्हणते. तिने वेग वाढवला नाही, गल्लीबोळात वळली नाही, दिवे मालवले नाहीत. पळून जाणारा माणूस यांपैकी सर्व काही करतो, आणि पोलिसांना स्वतःहून फोन तर नक्कीच करत नाही. तिने पोलिसांनाच बोलावून पोलिसांची खात्री करून घेतली. ज्या गोष्टीमुळे सगळ्यांचाच वेळ गेला, ती गोष्ट वेगळी होती: फोन घेणाऱ्या व्यक्तीकडे 'होय, ती आमचीच गाडी आहे' असे सांगण्याची सोय नव्हती.

हा प्रश्न आपल्याच शहराचा आहे असे नाही. इंग्लंडमध्ये, योगायोगाने आपल्या कायद्याच्याच साली म्हणजे १९८८ मध्ये झालेल्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १६३ नुसार, गणवेशातील पोलिसाने सांगितल्यास चालकाने थांबलेच पाहिजे. तेथील वाहतूक नियमपुस्तिकेत पोलीस मागून कसे दिवे लावतील, बाजूला घेण्याची खूण कशी करतील आणि चालकाने सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे, हे सर्वसामान्यांना समजेल अशा भाषेत लिहिलेले आहे. इतके असूनही मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचे साध्या वेशातील एका पोलिसाने स्वतःचे खरे ओळखपत्र दाखवून, अटकेचे नाटक करून अपहरण केले आणि तिचा खून केला. ती पायी घरी चालली होती. तो माणूस तोतया नव्हता, नोकरीत असलेला पोलीस होता, आणि त्याला आमरण कारावास झाला. त्यानंतर लंडनच्या पोलिसांनी साध्या वेशातील कर्मचाऱ्याला एकटे पाठवायचे नाही असे ठरवले, आणि एकट्या स्त्रीशी बोलण्याची वेळ आलीच तर त्याने स्वतः पुढाकार घेऊन नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याशी तिचे व्हिडिओ कॉलवर बोलणे करून द्यावे, अशी पद्धत सुरू केली.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात एप्रिल २०२० मध्ये घडलेली घटना याच्या उलट टोकाची आहे. तेथे एका माणसाने हुबेहूब पोलिसांच्या गाडीसारखी मोटार रंगवून आणि पोलिसांचा वेश घालून २२ जणांचे प्राण घेतले. पुढे त्या प्रांताला पोलिसांचे गणवेश आणि चिन्हे कोणाकडे असावीत यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. या दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे लक्षात येते की नुसते ओळखपत्र पुरत नाही आणि नुसती रंगवलेली गाडीही पुरत नाही. चालकाला खात्री हवी असेल तर ती थांबवणाऱ्या माणसाकडून नव्हे, तिसऱ्या ठिकाणाहून मिळाली पाहिजे.

लंडनची व्हिडिओ कॉलची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणू नये, असे मला वाटते. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा वेश करून बसलेल्या भामट्यांनी अलीकडच्या काळात असंख्य लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली आहे, आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाहीत हे सरकार व पोलीस स्वतःच लोकांना सांगत आहेत. अशा वेळी रस्त्यावर थांबवणाऱ्या माणसाने आपला मोबाइल पुढे करून 'घ्या, साहेबांशी बोला' म्हटले तर त्यावर कोणी विश्वास का ठेवावा? फोन चालकाने स्वतःच्या मोबाइलवरून, सर्वांना ठाऊक असलेल्या क्रमांकावर करायचा, हेच योग्य. तो क्रमांक ११२ आहे आणि तो अस्तित्वात आहे. उणीव आहे ती त्या क्रमांकामागील माहितीची.

ही उणीव भरून काढणे वाटते तितके अवघड नसावे. ११२ वर केलेला फोन राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातो आणि तेथून संबंधित घटकाकडे. पुणे परिसरातील चालकाच्या दृष्टीने मोठी अडचण ही की हिंजवडीहून निघून खेड-शिवापूरकडे जाणारी मोटार एकाच प्रवासात तीन पोलीस घटकांच्या हद्दींतून जाते. हिंजवडी ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात, बाणेर ते कात्रज पुणे शहर आयुक्तालयात आणि घाटापलीकडचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे. शिवाय महामार्ग पोलीस वेगळे आणि परिवहन विभागाची वायुवेग पथके वेगळी. हद्द कोठे संपते हे चालकाला माहीत नसते आणि माहीत असण्याची अपेक्षाही करता येत नाही. म्हणून साध्या वेशातील पथकाने वाहने थांबवायला बाहेर पडण्यापूर्वी आपल्या नियंत्रण कक्षात केवळ वाहन क्रमांक आणि पथकप्रमुखाचे नाव नोंदवावे, आणि ११२ वर विचारणा झाल्यास 'या क्रमांकाचे वाहन पोलिसांचे आहे' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता यावे, अशी एकसारखी पद्धत या सर्व घटकांनी मिळून ठरवावी. पथक कोठे चालले आहे, कोणाच्या मागावर आहे, हे सांगण्याची काहीच गरज नाही. त्यामुळे तपासाच्या गुप्ततेलाही बाध येत नाही.

याहूनही साधी उपाययोजना म्हणजे साध्या वेशातील पथकाबरोबर किमान एक कर्मचारी गणवेशात असणे आणि गाडी थांबवण्याची खूण त्यानेच करणे. केवळ कागदपत्रे पाहण्यासाठी, सीटबेल्टसाठी किंवा मोबाइलवर बोलण्यासाठी साध्या वेशातील कोणीही वाहन थांबवता कामा नये. मोटार वाहन कायद्यातील गणवेशाची अट लक्षात घेता हे नव्याने मागण्याचे कारणही पडू नये. दंडाची नोंद आता ई-चलान यंत्रावर होते आणि वाहन क्रमांकाच्या छायाचित्रावरूनही होते, मग नियमभंगासाठी अनोळखी गाडीने पाठलाग करण्याचे प्रयोजनच उरत नाही. परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्रही २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवलेले ग्राह्य धरले जाते. म्हणजे काच पूर्ण खाली न घेता, मोबाइल हातातून न सोडता कागदपत्रे दाखवता येतात. जागेवरच रोख रकमेची मागणी करणारा माणूस खरा असो वा खोटा, त्याला नकार देण्याचा आणि ई-चलान मागण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

खऱ्या-खोट्याचा हा गोंधळ वाढवण्यात आपल्या रस्त्यांवरील खासगी मोटारींचाही मोठा वाटा आहे. काचेवर लाल अक्षरांत 'पोलीस' लिहिलेल्या किती मोटारी आपण रोज पाहतो! त्यांतली कोणती खात्याची, कोणती कर्मचाऱ्याच्या घरची आणि कोणती त्याच्या मेहुण्याची, हे कोणालाच सांगता येत नाही. वाहनांवरील दिव्यांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ मध्ये मे २०१७ पासून मोठा बदल झाला आणि मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवेही उतरले. रंगीत दिवे केवळ आणीबाणीच्या सेवेतील वाहनांपुरते राहिले. तरीही तसेच दिवे आणि सायरनसारखे आवाज काढणारे भोंगे सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळताना दिसतात. काळ्या काचांचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, आणि आज पुण्याच्या कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहिले तर तशा काचांच्या मोटारी दिसतात. आतला माणूस दिसत नाही, बाहेर 'पोलीस' लिहिलेले आहे, अशी मोटार शेजारी येऊन हात करते तेव्हा चालकाने नेमके काय ओळखायचे? पोलीस दलाने आधी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या खासगी वाहनांवरील अशा पाट्या काढायला लावल्या, तर तोतयांचे एक हत्यार आपोआप बोथट होईल.

आता संदेशातील 'वेग वाढवा आणि निघून जा' या सल्ल्याविषयी. नाकाबंदीत थांबण्याची खूण केल्यावर मोटार पुढे दामटल्याने, पोलिसाला बोनेटवर फरफटत नेल्याने कर्मचारी जखमी झाल्याच्या बातम्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अनेकदा आल्या आहेत. भर पावसात, रात्री दोन वाजता, कुटुंबापासून दूर रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या अंगावर गाडी घालणाऱ्याच्या बाजूने मी एक शब्दही लिहिणार नाही. अडथळे लावून, फलक ठेवून, गणवेशातील माणसे उभी करून केलेल्या नाकाबंदीत शंकेला जागाच नसते. तेथे थांबायचे, दिवे मंद करायचे आणि आतला दिवा लावून सहकार्य करायचे. आणि जेथे शंका आहे तेथेही वेग वाढवणे हे सर्वांत वाईट उत्तर आहे. नवले पुलाच्या उतारावर किंवा कात्रज घाटाच्या वळणावर घाबरलेल्या चालकाने दाबलेला ॲक्सिलरेटर तोतयापेक्षा अधिक लोकांचा घात करील. मोटार शिकवताना मी आजवर ज्यांना सर्वाधिक जपून हाताळले ते वेगाने चालवणारे नव्हेत, भीतीने चालवणारे होते.

शंका आली की वेग कमी करावा, चारही दिवे लावावेत, आपण थांबणार आहोत हे हाताने दाखवावे आणि उजेडाच्या, माणसांच्या वस्तीच्या ठिकाणापर्यंत संथपणे जावे: पेट्रोल पंप, टोलनाका, उघडे हॉटेल, रुग्णालय किंवा पोलीस चौकी. ११२ ला फोन लावून आपले ठिकाण आणि मागील वाहनाचा क्रमांक सांगावा. दारे बंद ठेवून ओळखपत्र काचेला लावून दाखवायला सांगावे आणि नाव मोठ्याने वाचून फोनवरील व्यक्तीला ऐकवावे. माणसे खरी निघाली तर पुढे पूर्ण सहकार्य करावे; त्यांच्याशी हुज्जत घालू नये, आवाज चढवू नये. हे सारे करणाऱ्याला 'पळाला' असे म्हणता येणार नाही, आणि तसे कोणी म्हणू नये यासाठी ते पोलिसांकडूनच अधिकृतपणे सांगितले गेले पाहिजे.

माझी मुख्य मागणी हीच आहे. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही आयुक्तालयांनी आणि पुणे ग्रामीण पोलिसांनी संयुक्त परिपत्रक काढून साध्या वेशातील पथकाने वाहन कसे थांबवावे, आणि अशा वेळी चालकाने सुरक्षित ठिकाणापर्यंत संथ गतीने गेल्यास तो आज्ञाभंग मानला जाणार नाही, हे दोन्ही लिहून द्यावे. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरील चिन्हांची ओळख विचारली जाते, ती आवश्यकच आहे. पण पोलिसांनी थांबवल्यावर काय करावे, याविषयीचा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला आल्याचे मला आठवत नाही. परिवहन विभागाने तो प्रश्न घालावा, आणि आमच्यासारख्या प्रशिक्षण संस्थांना ते परिपत्रक शिकवणे बंधनकारक करावे. आम्ही ते आनंदाने शिकवू.

हे परिपत्रक केवळ पोलीस ठाण्यातील फलकावर डकवले जाऊ नये. रात्रपाळीच्या कंपन्यांच्या वाहनतळांवर, महामार्गावरील पेट्रोल पंपांवर आणि खेड-शिवापूर, पाटस येथील टोलनाक्यांवर ते मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावावे, कारण या रस्त्यांवरून परराज्यांतील चालकही तितक्याच संख्येने जातात. पेट्रोल पंपचालकांनाही, रात्री घाबरून थांबलेल्या चालकाला उजेडात उभे राहू द्यावे आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, अशी लेखी सूचना द्यावी. आपल्या वृत्तपत्राने तिन्ही पोलीस घटकांकडून या मागणीवर लेखी उत्तर मागवून ते याच स्तंभात प्रसिद्ध करावे, अशी विनंती करते.

आपली नम्र,
एक मोटार प्रशिक्षिका,
सहकारनगर, पुणे